पाळीवरची हाक

करडी
ता. २७ ऑक्टोबर २०२५

चि. प्रेरणा बेटा, तुले आजीचा आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकली ते रुखमिणी. भाऊबीजेनंतरची मंडईची जत्रा भरते दुपारून अन् हे बाई सकाळीच पिशवी घेऊन दारात, माह्या हाती अजून सड्याची बालटी. तुह्या आजोबाची सख्खी बहीण, तिले कोण काय म्हणन? आल्या आल्या पाणी नाही मांगतलं, तुलेच मांगतलं.

"प्रेरणा नाही दिसत वं वहिनी?"

म्या म्हटलं, सुट्टी नाही भेटली तिले.

"सुट्टी नाही भेटली का लिलाधरनं आपल्या पोरीले येऊ नाही देलं?"

आता सांग, जिले एवढं मालूम तिनं कायले विचारावं? म्या तिच्या हाती झाडू देला. झाडता झाडता तोंड बंद राहीन म्हटलं, पण नाही राहिलं.

मंग कोंढ्याचे पाहुणे आले, मंग तुह्या मायच्या माहेरचे. घर असं भरलं का चपला ठेवाले जागा नाही. मी लगित खूश होती बेटा, खोटं नाही सांगत. दंडारीच्या नाचात शेजारचा यादोराव याही वर्षी बाई झाला. आता पोट सुटलं त्याचं, लुगडं पुरत नाही, पण नाचते असा का खऱ्या बाया पदर तोंडाले लावून बसल्या. मोठा पाळणा आला होता. तुह्या मायनं, कामिनीनं, त्यात बसून डोळे मिटून घेतले अन् उतरल्यावर म्हणे, सगळं गाव दिसलं. पंगतीत म्या सवयीनं एक ताट जास्तीचं वाढलं, मंग उचलून ठेवलं.

लिलाधर मात्र पाहुण्याइले फोनच दाखवत बसला. तुह्या नागपूरचा कोणी भय्याजी आहे, निवडणुकीले उभा राहून राहिला म्हणते. तो त्याच्यात हात वर करकरून सांगते का शहर गुंडांच्या हाती गेलं, नाल्याकडच्या वस्तीत दिवे लागल्यावर पोलीस बी पाय ठेवत नाही, मले निवडा, मी सारं साफ करतो. एक पाहुणा म्हणे, "बापरे, तिथी कोण राहत असन?" तुह्या बापानं फोन खिशात टाकला अन् पान आणाले गेला.

दसऱ्याले त्यानं तुले सांगतलं, ते खोली सोड मंगच घरी ये, ते माह्या विचारानं नाही. पण बेटा, मलेही समजत नाही. तू त त्या चांगल्या कॉलनीतल्या होस्टेलात होती. फाटक होतं, दारावर चौकीदार होता. ते सोडून त्या वस्तीत काहून गेली? भाडं कमी म्हणून का?

चिठ्ठी कायले लिहितो म्हणशीन त फोनवर बोलावं तवा लिलाधर बाजूले बसून राहते. बोलत नाही अन् उठतही नाही. अन् मले आता फोनवरचं अर्धंच ऐकू येते. तिसरीत शाळा सुटली माही, अक्षर झिंग्यासारखं वाकडं आहे, सांभाळून घे.

शिंगाडे पाठवतो, आपल्याच तलावातले. दिवाळीले पोत घातली असशीन, म्या देलेली. घालूनच राहत जा, पेटीत सोनं काळं पडते. तिचा फोटो पाठव.

तुही आजी
रेवताबाई


नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
सा. न.

तुझं पत्र लॅबमध्ये नेलं आणि दुपारच्या सुट्टीत वाचलं. लोकांच्या दंडातून रक्त काढायचं माझं काम, पण हसता हसता हात हलेल म्हणून जेवणानंतर थोडा वेळ नुसती बसले. यादोराव काकांचं लुगडं डोळ्यांसमोरून जाईना.

शिंगाडे मिळाले. अर्धे मी खाल्ले आणि अर्धे गल्लीत वाटले. माझी घरमालकीण सत्यभामाबाई भाजीची गाडी लावते. तिनं एक सोलून खाल्ला आणि म्हणाली, "हे बाजारातलं नाही, हे कोणाच्या तरी घरचं आहे." समोरची मोना ब्लाऊज शिवते. तिनं सुईनं सोलले, एकही तुटू दिला नाही.

पोत पेटीत आहे. फोटो नंतर पाठवते.

वस्तीबद्दल बाबा म्हणतात तसं काही नाही, एवढंच सांगते. पण एक खरं आहे, संध्याकाळी इथं अंधार असतो. गल्लीच्या वळणावरचा दिवा कधीचा बंद आहे. अर्ज दिले, कोणी आलं नाही. मी लॅबमधून निघते तेव्हा अंधार पडलेला असतो. आणि निवडणुकीचे भोंगे फिरायला लागल्यापासून सगळ्या जणी दिवे लागायच्या आत दारं लावून घेतात. गंमत अशी की आमच्याच वस्तीतल्या बायका आता आमच्या वस्तीला भितात. सत्यभामाबाईला वाटतं चोर मागच्या गल्लीत राहतात. मागच्या गल्लीतल्या म्हणतात, आमच्या गल्लीत. बंद दारांमधून चालताना मला माझ्याच चपलांचा आवाज मोठा वाटतो.

आजोबा तलावाची राखण करायचे तेव्हा त्यांना भीती वाटायची का ग? मी लहान होते, मला नुसती त्यांची हाक आठवते.

मंडईच्या दिवशी मी लॅबमधून आल्यावर दंडारीची गाणी लावून बसले होते. फोनवर. मोना विचारायला आली, रडतेस का. मी म्हटलं, नाही, सर्दी.

तुझी
प्रेरणा


करडी
ता. २० नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणा बेटा, आशीर्वाद.

सर्दीले ओवा शेक. खोट्या सर्दीलेही चालते.

इथी धान कापून झाला. तुह्या खाटेवर पोते रचले आहे. कामिनी म्हणे, जागा नाही कुठी. म्या म्हटलं, ठेव बाप्पा, पण पोरगी आली त उचलाले दोघं जण बलावजो.

आता तुह्या आजोबाचं सांगतो. भेत होता ना, कोण नाही भेत? तलावाच्या मातीच्या पाळीवर एकटा माणूस, इकडं पाणी, तिकडं धानाच्या बांध्या. मच्छीमार संस्थेनं तलावात मासोळीचं बी टाकलं का पाळीपाळीनं सगळ्या ढिवरांच्या घराले राखण येते, अजूनही येते. पण तो काठी नाही नेत होता. म्हणे, काठी पाहून चोर मोठी काठी आणते.

त्याची रीत होती, ते त्याच्या बापाचीही होती. पाळीवरून कोणीही जावो, हाक मारायची. "कोण हो?" मंग जाणाऱ्यानं थांबून आपलं गाव सांगायचं, आपलं नाव सांगायचं अन् कोणाच्या घरचा ते सांगायचं. सांगतलं का झालं, जा बापा. चोरी कराले आलेला माणूस आपल्या बापाचं नाव घेत नाही, त्याची जीभच उचलत नाही. चूपचाप गेला त गावातले सगळे जण हाका मारत त्याच्या मागं. मारायचं नाही, फक्त विचारत राहायचं, कोण हो, कोण हो, त्याच्या घरापर्यंत. लाजून मरते माणूस.

अन् ओळखीच्यालेही हाक मारायचीच. मी नवी नवरी, त्याच्यासाठी भाकर घेऊन गेली पाळीवर. उजेड होता, माह्यं तोंड त्याले साफ दिसत होतं. तरी हा बाप्या म्हणते, "कोण हो?" मले आला राग. म्या म्हटलं, दिसत नाही का? तो म्हणे, "दिसते. पण सांगाव लागते." मंग मी म्हटलं, करडीची रेवता, सुखराम ढिवराच्या घरची. अन् बेटा, तुले म्हणून सांगतो, ते बोलल्यावर मले पहिल्यांदा वाटलं का मी या गावची झाली. तोपर्यंत माहेराकडंच मन राहे.

तुमच्या गल्लीत दारं लावून बसता म्हणून भेव वाटते. दार उघडं ठेवून बसा न उंबरठ्यावर. शेंगा सोला, ब्लाऊज शिवा, काही करा. जो जाईन त्याले विचारा. दिव्याची वाट कायले पाहता, तोंड आहे न?

दिवसभर रुखमिणी येऊन बसते. तिले बोलाले कोणी नाही अन् मले ऐकाले कान नाही, जोडी जमली आमची. पण सांजले ते गेली का मी अंगणात उभी राहतो. नागपूरची शेवटची गाडी तलावापलीकडं थांबते, तिचा भोंगा तेवढा मले ऐकू येते.

पोतीचा फोटो नाही आला.

तुही आजी


नागपूर
२२ डिसेंबर २०२५

ती. आजीस,
सा. न.

उशिरा लिहिते आहे, कारण तुझं ऐकलं त्याचं काय झालं ते आधी पाहायचं होतं.

तुझं पत्र मी सत्यभामाबाईला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती उंबरठ्यावर पोपटाच्या शेंगा सोलायला घेऊन बसली आणि पहिलाच माणूस दिसला त्याला म्हणाली, "कोण हो?" तो तिचाच नवरा होता. तो म्हणाला, "येडी झाली का?" ती म्हणाली, "सांगाव लागते." आता समोर मोना मशीन दारात ओढून बसते. पलीकडच्या दोघी-तिघी बसतात. दूधवाला, शिकवणीला जाणाऱ्या पोरी, कामावरून परतणारे, सगळे सांगून जातात. मागच्या गल्लीतली माणसं पहिल्यांदा नावानिशी कळली. त्यांतला एक सत्यभामाबाईच्या माहेरच्या गावचा निघाला. मी लॅबमधून येते तेव्हा वळणावर अजून अंधारच असतो, पण अंधारातून हाक येते आणि मी म्हणते, "करडीची प्रेरणा, लिलाधर ढिवराची." रोज म्हणते, आजी. इथं रोज बाबांचं नाव घेते.

आता गोंधळ सांगते. परवा संध्याकाळी भय्याजी प्रचाराला आले. चार कार्यकर्ते, एक जण फोन वर धरून चित्रीकरण करणारा. वळणावर पोहोचले तशी सत्यभामाबाईनं हाक मारली, "कोण हो?"

ते न थांबता पुढं येत राहिले.

मोनानं विचारलं, "कोण हो? कोणाच्या घरचे?"

"अरे, भय्याजी आहेत, भय्याजी."

"कोणते भय्याजी? कोणाचे?"

"मोठ्या चौकात एवढा फोटो लागला आहे, दिसला नाही का?"

सत्यभामाबाई म्हणाली, "फोटोत त गोरे आहेत जी. थोडं उजेडात या."

मग सगळी गल्ली हसली, आणि या दारातून, त्या दारातून, मागच्या गल्लीतूनही, कोण हो, कोण हो. कोणी जागचं उठलं नव्हतं. मी मोबाइलचा दिवा लावून पुढं झाले, त्यांना वाट दिसावी म्हणून. वळणावरच्या दिव्याचंही बोलायचं होतं. पण भय्याजी एक पाऊल मागं सरकले. त्यांचा चेहरा मी पाहिला. एवढी वर्षं ते आमच्या वस्तीला भ्या म्हणून सांगतात, मला वाटायचं ते नुसतं भाषण आहे. नाही, त्यांना खरंच भीती वाटत होती. स्वतःचं नाव न सांगताच ते माघारी गेले.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ फिरला. हसण्याचा भाग काढून टाकलेला. वर लिहिलं होतं, नाल्याकडच्या वस्तीत गुंड बायकांनी भय्याजींना घेरलं. आणि सगळ्यांत पुढं हातात दिवा घेतलेली मी.

बाबांपर्यंत पोहोचू नये एवढंच वाटतं.

तुझी
प्रेरणा


करडी
ता. २ जानेवारी २०२६

चि. प्रेरणा, आशीर्वाद.

तुह्या चिठ्ठीच्या आधी ते व्हिडिओ पोहोचलं. गाडीतून आलं असतं त थांबवलं असतं.

यादोरावच्या फोनवर आलं, त्यानं लिलाधरले दाखवलं. भोळा माणूस, त्याले वाटलं पोरगी टीव्हीत आली, पेढे मांगाले आला. लिलाधर पाहत राहिला. मंग पुन्हा पाहिलं. जेवला नाही. कामिनीनं ताट झाकून ठेवलं त म्हणे, "पोरगी गुंडांमंदी जाऊन बसली अन् तुम्ही मले जेवाले सांगता."

म्या त्याले सांगतलं, बापा, ते गुंड नाही, म्याच शिकवलं ते, तुह्या बापाची हाक आहे. तो म्हणे, "पाळ वेगळी अन् शहर वेगळं, माय. पाळीवर सगळे आपले असतात." असंच त्याले वाटते. वाईट नाही बेटा तो, भेलेला आहे. भेलेला माणूस आवाज मोठा करते, तुह्या त्या भय्याजीसारखाच.

बारा तारखेच्या सोमवारी तो नागपूरले येऊन राहिला, तुले न्याले. सामान बांधून ठेव म्हणे, नोकरी गेली त गेली. भंडाऱ्याले कुठी तरी लागशीन, नाही त घरी बसशीन. म्या काय सांगू तुले? माह्या मनाचं ऐकशीन त मले तू पायजे. अंगणात पायजे. पोते म्या उचलून ठेवन. पण तू मान खाली घालून, बापाच्या मागं मागं पाळीवरून येशीन त ते नको. तसं मले बघायचं नाही.

एक गोष्ट आणखीन. ते व्हिडिओ म्याही पाहिलं, चष्मा लावून, यादोरावनं दोनदा थांबवून दाखवलं. दिव्याच्या उजेडात तुहा गळा साफ दिसते. पोत नाही त्याच्यात. लिलाधरले नाही दिसलं, त्याले फक्त अंधार दिसला. मले दिसलं. आता पेटी-पेटी सांगू नको. काय झालं ते सांग, मी रागवत नाही.

तुही आजी


नागपूर
१८ जानेवारी २०२६

ती. आजीस,
सा. न.

पोत गेली, आजी. पावसाळ्यातच गेली. मोठ्या रस्त्यावर, होस्टेलच्या कॉलनीच्या फाटकासमोर, दिवसासारख्या उजेडात. मोटरसायकलवर दोघं आले, एकानं ओढली आणि गेले. मी पडले. वर भय्याजींचा मोठा फलक होता, हात जोडलेला, सुरक्षित शहर म्हणून. चौकीदार फाटकाच्या आत उभा होता, तो आतच राहिला. गाड्या थांबल्या, बघितलं आणि गेल्या. रस्त्याकडेला एक बाई भाजीची गाडी लावायची. तिनं हातातला तराजू फेकला आणि त्या मोटरसायकलमागं पळाली. पायात चप्पल नव्हती तिच्या. ते काही सापडले नाहीत. मग ती परत आली, माझ्या गुडघ्यावरचं रक्त तिनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "चल, घरी चल." विचारलंसुद्धा नाही मी कोण. ती सत्यभामाबाई. मी त्या रात्री नाल्याकडच्या वस्तीत झोपले आणि महिन्याभरात सामान घेऊन आले. भाड्यासाठी नाही.

तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच नेलं असतं. म्हणून पेटी.

आता सोमवारचं सांगते.

मी सामान बांधलं नव्हतं आणि बांधलं नाही असं सांगायची हिंमतही नव्हती. मी आत, सत्यभामाबाई उंबरठ्यावर. वळणावर कोणीतरी येऊन थांबलं. नेहमीसारखी तिनं हाक मारली.

"कोण हो?"

मोनाची मशीन थांबली. मला वाटलं भय्याजींचा कोणी असेल. सत्यभामाबाईनं पुन्हा विचारलं, आता जोरात, "कोण हो?"

आणि अंधारातून आवाज आला, अगदी पाळीवरून पाण्यापलीकडं जावा तसा मोठा.

"करडीचा लिलाधर. सुखराम ढिवराचा."

आजी, ते बोलून गेल्यावर बाबांनाच कळलं आपण काय बोललो. मी दारात आले तर ते तसेच उभे होते, हातात पिशवी, तोंड थोडं उघडं.

सत्यभामाबाई म्हणाली, "मंग भाऊ, तिथी काहून उभे? पाय धुवा, जेवाले बसा." त्यांचं नाव ती रोज माझ्या तोंडून ऐकत होती ना. सगळी गल्लीच ऐकत होती. मोना म्हणाली, "हे लिलाधर ढिवर होय? आम्हाले वाटलं लगित उंच असतील."

जेवताना सत्यभामाबाईनं पोतीचं सगळं सांगितलं. तिला वाटलं घरी माहीत असेल. बाबांचा घास हातातच राहिला. जेवून उठले आणि म्हणाले, "ते जागा दाखव." आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो. ते फाटक, चौकीदार, फलक, सगळं बघत राहिले. एवढा उजेड की रस्त्यावर पडलेली सुई दिसेल. परतताना वळणावर हाक आली तर आधी बाबांनीच उत्तर दिलं.

सकाळी बसपर्यंत पिशवी मी धरली. सामानाचं त्यांनी विचारलं नाही. गाडी सुटता सुटता म्हणाले, "फेब्रुवारीत तलावात जाळं टाकू. त्या बायाइले सांगजो." तू ये असं नाही म्हणाले. ते म्हणतील याची वाट पाहत मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

भय्याजी निवडून आले. वस्तीत फार मतं पडली नाहीत त्यांना, पण बाकीच्या ठिकाणी तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. काल वळणावर नवा दिवा लावून गेले, खांबावर त्यांचा फोटो. सत्यभामाबाई म्हणते, बरं झालं, आता येणाऱ्याचं तोंडही दिसेल. हाक मात्र ती मारतेच.

मला यायचं आहे, आजी. बाबांनी बोलावल्यासारखं यायचं आहे. ये असं कोणी म्हणालंच नाही तर काय करू?

तुझी
प्रेरणा


करडी
ता. १० फेब्रुवारी २०२६

चि. प्रेरणा बेटा, आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली ते सत्यभामा. तू लॅबमुळं मागून, शेवटच्या गाडीनं आली म्हणून आधीचं तुले मालूम नाही, अन् इथी असतानी सांगाले सवड कोणी देली? तुम्ही सगळ्या एकदम बोलता.

सत्यभामा अन् मोना अन् त्या दोघी, उन्हं उतरल्यावरच्या गाडीनं आल्या. त्याच्या आधी रुखमिणी माह्या घरी येऊन बसली होती, कानातले काढून, पितळी भांडे कुलपात टाकून. "वहिनी, गुंड बाया येऊन राहिल्या म्हणते." म्या म्हटलं, मंग तू कायले आली? म्हणे, "पाहाले."

इकडं ते सत्यभामा, चोरामागं अनवाणी पळणारी, पाळीवर येऊन थबकली. मले मंग सांगतलं तिनं. एवढं पाणी, चिटपाखरू नाही, पलीकडं झाडी. तिचे पायच उचलेना. तेवढ्यात कोणी तरी झुडपाआडून ओरडलं, "कोण हो?" यादोराव होता, त्याची पाळी होती. अन् हे बाई काय म्हणावी? "सुखराम ढिवराच्या घरच्या." बेटा, तिले कोणी शिकवलं नव्हतं तसं म्हणाले. नागपूरची म्हणाली असती, भाजीवाली म्हणाली असती. यादोराव त्याइची पिशवी उचलून घरापर्यंत आला. रुखमिणीनं घडीभर दम धरला अन् मंग मोनाच्या हाती आपला दंड देऊन ब्लाऊजाचं माप देत बसली. कानातले दुसऱ्या दिवशी घातले.

आता तुहं. हे तुले मालूम आहे तरी लिहितो, मले लिहायचं आहे.

यादोराव त्याइले घेऊन घरी आला तसाच लिलाधर पाळीवर जाऊन बसला. पाळी यादोरावची, म्या म्हटलं, तू काहून? म्हणे, यादोरावचे गुडघे दुखतात. त्याचे गुडघे दंडारीत नाही दुखत. तू ये म्हणून त्यानं तुले फोन नाही केला, मले मालूम आहे. रोज फोन हाती घे अन् ठेवे. तो माणूसच तसा, बापावर गेला.

शेवटच्या गाडीचा भोंगा वाजला. मी अंगणात. तुही चाल त्याले ओळखू येत नाही का? लहानपणापासून पाय घासत चालतं तू. चांदणंही होतं. तरी त्यानं हाक मारली.

"कोण हो?"

अन् तू चूप. मले एवढं कमी ऐकू येते, पण ते चूप मले ऐकू आलं. म्या अंगणातल्या खांबाले धरलं. वाटलं, आता हे पोरगी रागानं बोलतच नाही अन् तो उठतच नाही. मंग तुहा आवाज आला, एकदम साफ.

"करडीची प्रेरणा. लिलाधर ढिवराची."

त्याच्यानंतर तुम्ही काय बोलले ते मले ऐकू नाही आलं. बराच वेळ कोणी चाललंही नाही. पोते म्या अन् कामिनीनं सकाळीच उचलले होते.

जाळ्यात मरळ आली ते तू खाल्लीच. पंगतीत एक ताट कमी पडलं, मी परातीत जेवली. लगित गोड लागलं.

आता घर रिकामं झालं. खाट तशीच आहे, पोते ठेवू देलं नाही म्या. सांजले भोंगा वाजते, मी उठतो अन् बसतो. गळा रिकामा ठेवू नको, काळा दोरा तरी बांध. दिव्याखालून जातानी त्या भय्याजीलेही नाव सांगत जा, फोटोत असला तरी काय झालं.

जातानी सगळ्या पाळीवर उभ्या राहून म्हणाल्या का मंडईले येतो. लिलाधरनं घरी येऊन क्यालेंडर काढलं, बोट फिरवत फिरवत नोव्हेंबरावर गेला अन् मले मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊबीज बुधवारी पडते. मंडई शुक्रवारी, तेरा तारखेले.

तुही आजी
रेवताबाई